मागच्या बाकाची शिफारस

२ जुलै, सोमवार

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. काही गोष्टी देवाला सांगितल्या की तो लगेच 'क्षमा कर' म्हणतो. त्या गोष्टी इथे लिहायच्या.

आज शिक्षकांच्या बैठकीत माझा अपमान झाला. विषय होता शाळेत येणारे नवे स्क्रीन आणि त्या सगळ्या कारभाराचा प्रमुख कोण. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांवरून नजर फिरवली. माझं वय, माझा अनुभव, भूगोलावरची माझी पकड हे सगळं पाहता ती नजर माझ्यावर थांबायला हवी होती. थांबतही होती. तेवढ्यात हेडफोन बोलला.

हेडफोन म्हणजे शेजारच्या तुकडीला भूगोल शिकवणारा मास्तर. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. गळ्यात कायम ते यंत्र अडकवलेलं असतं, म्हणून हे नाव. नाव मी ठेवलं आहे आणि अजून कोणाला सांगितलेलं नाही. तर तो म्हणाला, "सरांचं फळ्यावरचं अक्षर किती सुंदर आहे! त्यांना कशाला या भानगडीत पाडायचं? सरांना आपलं फळ्यावरच राहू द्या ना."

सगळे हसले. चित्रकलेच्या बाई तर चष्मा काढून हसल्या.

फळ्यावरच राहू द्या! जसा काही मी खडूने काढलेला आहे आणि तास संपला की डस्टरने पुसायचा आहे.

मोठ्या बाई म्हणाल्या, घाई नाही, दोन वर्षांनी ठरवू. तोवर कोणी शैक्षणिक तंत्रज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलं तर त्याचा विचार आधी होईल.

संध्याकाळी देवासमोर बसलो. सूड मागितला नाही. न्याय मागितला, आणि तो कसा करता येईल हेही सुचवलं.

३ जुलै

निश्चय झाला. पदव्युत्तर शिक्षण घेणार, पहिल्या क्रमांकाने. प्रमुख झाल्यावर पहिलं काम: हेडफोनच्या वर्गातला स्क्रीन दुरुस्तीला पाठवणे, मग तो चालू असो वा बंद. दुसरं काम: भर सभेत त्याला खडूची पेटी देऊन त्याचा सत्कार. भाषण तयार आहे. फार लांब नाही, पण लागेल असं आहे.

हिला सांगितलं. ही दवाखान्यात परिचारिका. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून येते, त्यामुळे घरी माझी ऐकायला शिल्लक काही राहत नाही. तरी विचारलंन, "शिकायचंय म्हणून शिकताय, की कोणाला दाखवायचंय म्हणून?" मी म्हणालो, केवळ ज्ञानासाठी. म्हणाली, "बरं. मग काय बोललं कोण तुम्हाला?"

५ जुलै

हेडफोनने त्याच अभ्यासक्रमाला नाव घातलं. वर स्वतः येऊन सांगतो, "सर, आता आपण गुरुबंधू झालो!" मला एक सख्खा भाऊ आहे. तो पुरेसा आहे.

१८ जुलै

लेकीने कॉम्प्युटरवर खातं उघडून दिलं. ती कॉलेजात आहे, या गोष्टी तिला येतात. पासवर्ड असा ठेवला की रोज उघडताना उद्दिष्टाची आठवण राहावी. टाइप करताना लेक थांबली. "फळासूड एक? बाबा, हे काय आहे?" म्हटलं, आमच्या विषयातला तांत्रिक शब्द आहे.

१ ऑगस्ट

पहिला ऑनलाइन तास. मार्गदर्शक मॅडम स्क्रीनवर दिसतात. बोलतात बऱ्या, पण विचारतात फार. शिकवणाऱ्याने सांगावं, विचारत काय बसायचं? आमच्या गावच्या शाळेत एका खोलीत चार इयत्ता बसत. गुरुजी बोलत आणि चारही इयत्ता ऐकत. वर पत्र्याचं छप्पर. वारा सुटला की पत्रे असे वाजायचे की गुरुजींना ओरडावं लागे. ते ओरडत. आम्ही घडलो.

८ ऑगस्ट

शोध: कॉम्प्युटरचा आवाज बंद ठेवला तरी हजेरी लागते. हा शोध मी एकट्याने, कोणाच्याही मदतीशिवाय लावला. तंत्रज्ञानात माझी गती चांगली आहे असं दिसतं. आता तासाच्या वेळात स्क्रीनसमोर बसून नामस्मरण करतो. दोन्ही पुण्यं एकदम पदरात.

२० ऑगस्ट

आपला वर्गातला एक तास रेकॉर्ड करून विद्यापीठाला पाठवायचा होता. शर्टाच्या खिशात मोबाईल ठेवून 'वारे' हा धडा शिकवला. अप्रतिम तास झाला. मुलं इतकी शांत की शिपाईमामा दोनदा दारातून डोकावून गेले, वर्ग रिकामा आहे की काय म्हणून.

पाठवण्यापूर्वी स्वतः एकदा ऐकावा, अशी सूचना होती. नाही ऐकला. माझा आवाज मी इतकी वर्षं रोज ऐकतो आहे.

२१ ऑगस्ट

रेकॉर्डिंग जाईना. फाईल मोठी आहे म्हणे. हेडफोनने माझ्या हातातून मोबाईल घेतला, इकडे तिकडे बोट फिरवलं आणि गेली. "झालं सर," म्हणाला. वर स्वतःसाठी चहा आणताना माझ्यासाठीही घेऊन आला.

उपकाराखाली दाबायचा डाव. लक्षात ठेवलं आहे. चहा प्यायलो, कारण अन्नाशी वैर नाही.

१४ ऑक्टोबर

आमचे वर्ग शेजारी शेजारी, मधली भिंत पातळ. आज पूर्ण तासात मला हेडफोनचा आवाज दोनदाच ऐकू आला. बाकी सगळा वेळ मुलंच बोलत होती. मग पगार मुलांनाच द्यावा! बेशिस्तीला आजकाल पद्धत म्हणतात. मी माझा आवाज जरा चढवला, म्हणजे त्याच्या वर्गालाही थोडा भूगोल मिळावा.

सुटीत तो म्हणाला, "सर, तुमच्यामुळे आमच्याकडेही ऋतू शिकवून झाले." हसत म्हणाला. टोमणा होता. तोही लक्षात ठेवला आहे.

९ नोव्हेंबर

या महिन्याचा पाठ: प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने काही क्षण गप्प राहावं. मुलांना विचार करायला वेळ मिळतो म्हणे.

वाचून हसलो. मी गप्प राहिलो तर वर्गाला वाटेल मलाच उत्तर येत नाही.

पण परीक्षेत येणार असल्यामुळे पूर्ण पाठ केलं. उदाहरणांसकट.

३० नोव्हेंबर

दर महिन्याला 'माझी वाढ' या विषयावर एक चिंतन लिहून द्यावं लागतं. हेडफोनने त्याचं मला वाचायला दिलं. लिहिलंय, 'मला अजून पुष्कळ शिकायचं आहे.' मी लिहिलं, मला आजवर काहीच येत नव्हतं. नम्रतेत त्याला कुठे वर जाऊ देतो मी!

२२ जानेवारी

व्हिडिओ-पाठ बनवला. विषय नकाशावाचन. मोठा फळा, रंगीत खडू, समोर स्टुलावर मोबाईल. बोललो इतकं सुंदर की माझं मलाच भरून आलं. मुलांना दाखवला तेव्हा कळलं की आवाज आलाच नाही. नुसता मी हातवारे करत नकाशा काढतो आहे.

शरमेने अर्धमेला झालो होतो. तेवढ्यात मुलं म्हणाली, "सर, आज सगळं समजलं. परत लावा ना."

यामागे नक्की कोणाची तरी फूस आहे.

१५ मे

पहिल्या वर्षाचा निकाल. हेडफोन सगळ्यांत वर. मी उत्तीर्ण. परीक्षेच्या दिवशी माझी मान आखडली होती. शिवाय प्रश्नपत्रिका फारच सोपी होती. अशा वेळी खोल माणसाचं नुकसान होतं.

हेडफोन पेढे वाटल्यासारखा हसत सुटला होता. मला म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी तुम्ही बघा, मला मागे टाकता." कीव केली माझी! अपमान सहन होतो, कीव नाही. आजपासून पहाटे उठून अभ्यास.

१६ मे

उठलो. देवासमोर बसलो. डोळे मिटून मनन केलं. ही सकाळची पाळी आटोपून घरी आली तेव्हा म्हणाली, "मनन करताना घोरू नये."

३ सप्टेंबर

दुसरं वर्ष सुरू होऊन बरेच दिवस झाले. इथे लिहिलं नाही, कारण वाचतो आहे. या विषयाची पुस्तकं वाईट नाहीत. एका पुस्तकात लिहिलंय की वर्गात कोण किती बोललं हे मोजलं की वर्ग कोणाचा आहे ते कळतं. वाक्य बरं आहे. कधीतरी हेडफोनवर वापरता येईल.

वाचता वाचता लक्षात आलं, आपल्याला एखाद्याची चूक दाखवून द्यायची असेल तर आधी बरोबर काय ते नीट समजून घ्यावं लागतं. म्हणून सगळं नीट समजून घेतो आहे. एरवी इतकं कोणी शिकत नाही.

६ फेब्रुवारी

देव आहे.

आज शेवटच्या सत्राचा मोठा गृहपाठ आला. प्रत्येकाला वर्गातल्या एका तासाचं लिखित रूप दिलंय, रेकॉर्डिंगवरून मशीनने उतरवलेलं. गोपनीयता म्हणून सगळी नावं काढली आहेत. फक्त 'शिक्षक' आणि 'विद्यार्थी'. त्या तासाचं परखड परीक्षण लिहायचं. निम्मे गुण एवढ्या एका गोष्टीला. परवाच्या ऑनलाइन तासात मॅडमनी याबद्दल समजावून सांगितलं असणार, पण माझा आवाज बंद होता. सूचनेची गरज काय, वाचता तर येतं.

धडा कोणता? 'वारे'. या अभ्यासक्रमात भूगोलाचे शिक्षक दोनच. एक मी.

दुसरा आज माझ्या हातात सापडला!

७ फेब्रुवारी

संपूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. माणूस किती वाईट शिकवू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

नमुना उतरवून ठेवतो, पुढे कामी येईल. शिक्षक: वारा म्हणजे काय? कोण सांगेल? वारा म्हणजे हवेची आडवी हालचाल. लिहून घ्या. विद्यार्थी: हो सर.

एका दमात प्रश्न आणि उत्तर! मुलांना श्वास घ्यायला जागा नाही. पानं उलटत गेलो. शिक्षक, शिक्षक, शिक्षक. मग कुठेतरी 'हो सर'. पुन्हा शिक्षक. पूर्ण तासात 'हो सर' आणि 'नाही सर' सोडून कोणी काही बोललं असेल तर दोघंच. पहिला म्हणतो, 'सर, पाणी प्यायला जाऊ?' त्यालाही शिक्षक म्हणतो, आता नाही.

भिंतीपलीकडून एवढा गलका ऐकू येतो, तो मग काय असतो? आता कळलं. रेकॉर्डिंग असलं की हा शहाणा मुलांना दटावून गप्प बसवतो. ढोंगी.

आणि कहर म्हणजे यानं माझे शब्द चोरले आहेत. दर दोन वाक्यांनी 'लक्षात आलं का मंडळी' म्हणतो. हे माझं आहे! भिंतीतून ऐकून ऐकून उचललंय. त्याहून पुढे, मुलांना सांगतो की लहानपणी याच्या गावच्या शाळेवर पत्र्याचं छप्पर होतं आणि वारा सुटला की गुरुजींना ओरडावं लागायचं. हा जन्मला फ्लॅटमध्ये, वाढला लिफ्टमध्ये, याला कुठलं छप्पर! मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलेली गोष्ट याने स्वतःची म्हणून खपवली. माझं बालपण चोरलं.

दुसऱ्यापाशी मात्र थबकलो. एक मुलगी विचारते, 'सर, वारा थांबला की तो जातो कुठे?' शिक्षक म्हणतो, मध्येच बोलायचं नाही, पुढे लिहा.

बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसलो होतो. इतका सुंदर प्रश्न. इतकी वर्षं शिकवतोय, माझ्या वर्गात असा प्रश्न कधी कोणी विचारला नाही. चांगली मुलं नेमकी असल्या माणसाच्या वाट्याला जातात.

त्या मुलीसाठीसुद्धा याला सोडणार नाही.

१५ फेब्रुवारी

लिहितो आहे. गेल्या दीड वर्षात वाचलेलं सगळं आपोआप हाताशी येतं. कोण किती बोललं ते मोजलं. प्रश्न विचारून शिक्षक किती थांबला ते मोजलं. मोजायला काही निघालंच नाही. काही वाक्यं अशी उतरली आहेत की मी स्वतः उठून फेऱ्या मारल्या. 'हा शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तराला दारातच अडवतो.' 'तासभरात मुलांकडून खरे प्रश्न दोनच आले. एक पाण्याचा, एक वाऱ्याचा. दोन्ही नाकारले गेले.' 'या वर्गात शांतता आहे असे शिक्षकाला वाटते. प्रत्यक्षात तिथे तो एकटाच आहे.'

शेवटी शिफारस लिहायची असते. तिथे हात मोकळा सोडला: 'अशा शिक्षकास कोणतेही जबाबदारीचे पद देऊ नये. त्यास निदान एक सत्र दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसवावे आणि बोलू देऊ नये. यातून त्याचे भले झाले तर होईल.'

'त्याचे भले' हे देवासाठी घातलं.

१७ फेब्रुवारी

लेकीला वाचायला दिलं, शुद्धलेखन बघ म्हणून. आधी तिने मूळ तासाचं लिखित वाचलं. मग माझं परीक्षण वाचलं. मग तोंडावर उशी घेऊन बसली. म्हणाली, "बाबा, हा शिक्षक तुम्हाला ओळखीचा नाही वाटत?"

म्हणालो, "ओळखतो! चांगलाच ओळखतो. म्हणून तर लिहिलंय."

"बाबा, एकदा शांतपणे परत वाचा. पत्र्याचं छप्पर वगैरे."

"तेच तर! चोरी आहे ती!"

तिने आईला हाक मारली. ही हात पुसत आली, चार ओळी वाचल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे तर..." मी तिथेच थांबवलं. या बायकांना शत्रूचीही दया येते. म्हटलं, मध्येच बोलायचं नाही. सत्य कटू असतं आणि ते लिहायला धैर्य लागतं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. लेक म्हणाली, "पाठवा मग. शुद्धलेखन बरोबर आहे."

पाठवलं. स्वतः. फाईल पहिल्या फटक्यात गेली.

२ मार्च

मन अगदी शांत आहे. हेडफोनशी आज आपणहून बोललो. शेवटच्या जेवणाला माणसाशी बरं बोलावं. म्हटलं, काय रे, गृहपाठ झाला का? म्हणाला, "झाला सर. पण फार जड गेला हो. स्वतःचंच लिहायचं म्हणजे..." आणि थांबला.

मी म्हणालो, "दुसऱ्याचं लिहायला तर याहून धैर्य लागतं."

तो जरा गोंधळल्यासारखा दिसला. धास्ती घेतली असणार.

१९ एप्रिल, सकाळ

आज शेवटचं सादरीकरण, विद्यापीठाच्या सभागृहात. मोठ्या बाईंनाही निमंत्रण आहे. सर्वोत्तम परीक्षण ज्याचं, त्याने ते वाचून दाखवायचं आहे आणि मॅडमचा फोन आला होता की ते माझं आहे. सर्वोत्तम! हेडफोन समोर बसलेला असेल. मोठ्या बाई शेजारी असतील. इस्त्रीचा शर्ट घातला आहे. देवाला म्हटलं, थोडं जास्तच दिलंस.

१९ एप्रिल, संध्याकाळ

लिहितो. 

सभागृह भरलं होतं. मी परीक्षण वाचून दाखवलं. आवाज खणखणीत लावला. 'उत्तराला दारातच अडवतो' इथे हेडफोनकडे रोखून पाहिलं. तो डोळे पुसत होता. म्हटलं, लागलं. शिफारशीपाशी आलो तेव्हा सभागृहात श्वास ऐकू येत होता. संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हेडफोनही उभा. सगळ्यांत जोरात तोच.

मग मार्गदर्शक मॅडम बोलायला उठल्या. म्हणाल्या, प्रत्येकाला पहिल्या सत्रात त्याने स्वतः पाठवलेलाच तास परीक्षणासाठी परत दिला होता, हे आपण सर्व जाणताच. आजवर अनेकांनी स्वतःचं परीक्षण लिहिलं. बहुतेक जण स्वतःला सांभाळून घेतात. स्वतःकडे इतक्या निर्दयपणे, एखाद्या शत्रूकडे पाहावं तसं पाहणारा शिक्षक मी पहिल्यांदा पाहिला.

मी खुर्चीत बसलो. खुर्ची होती म्हणून बसलो.

पत्र्याचं छप्पर माझंच. 'लक्षात आलं का मंडळी' माझंच. ती वाऱ्याची मुलगी माझ्याच वर्गातली. तेव्हापासून आठवतो आहे ती कोण, कुठे बसायची. चेहरा येत नाही.

हेडफोन धावत आला, माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "सर, मी माझ्याबद्दल गुळमुळीत लिहिलं. तुम्ही मला लाजवलंत." निकालही तिथेच लागला, त्याला माझ्यापेक्षा पाच गुण कमी आहेत. मी पहिला आलो आहे. मी त्याला हरवलं आहे.

सांगता आलं असतं की अहो, मला वाटलं हा तास याचा आहे. पण कोणाला सांगणार? मोठ्या बाई रुमालाने डोळे टिपत होत्या.

घरी आलो. हिने ताट वाढलं. मग म्हणाली, "आमच्याकडे एक आजोबा येतात. स्वतःचा एक्सरे उजेडाला धरून म्हणतात, अरेरे, कोण हो हा बिचारा?" आणि मला भात वाढला. लेक उशी शोधायला आत गेली.

२४ एप्रिल

धीर धरायला हवा. झालं ते वाईट नाही झालं. पहिला मी आहे. पदवी माझी आहे. प्रमुखपदाचा विचार माझाच आधी व्हायला हवा, हे मोठ्या बाईंचे स्वतःचे शब्द. सत्काराची खडूची पेटी आणून ठेवली आहे. भाषणात थोडा बदल केला.

२ जून

आज मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. टेबलावर माझं परीक्षण होतं, छापून, बांधून. म्हणाल्या, "सर, खरं सांगू? निकाल लागला तेव्हा मी तुमचंच नाव लिहिलं होतं प्रमुख म्हणून."

मी म्हणालो, "आपली कृपा."

म्हणाल्या, "पण मग ही तुमची शिफारस परत वाचली. आणि ते नाव खोडलं. तुम्ही स्वतः इतक्या विचाराने मागितलेली गोष्ट मी नाकारली तर तुमच्या त्या तासासारखंच होईल, नाही का? माणसाने स्वतः सांगावं की मला पद नको, मला मागच्या बाकावर बसू द्या. असं वैराग्य मी पुस्तकातच वाचलं होतं."

तोंड उघडलं होतं मी. त्या म्हणाल्या, "नाही, आता तुम्ही काही बोलू नका. तेही तुम्हीच लिहिलंय."

प्रमुखपद हेडफोनला. मला एक सत्र, रोजचा एक तास, त्याच्या वर्गात. बाकी माझे तास चालू. परीक्षणाच्या प्रती सगळ्या शिक्षकांना वाटणार आहेत. चित्रकलेच्या बाईंनी मुखपृष्ठ करायचं कबूल केलंय.

संध्याकाळी देवासमोर बराच वेळ बसलो. काहीच मागितलं नाही. तो फार नीट ऐकतो, याची आता भीती वाटते.

४ जून

हेडफोन घरी आला. फळं घेऊन. म्हणाला, "सर, तुम्हाला अवघडल्यासारखं होत असेल तर मी बाईंशी बोलतो." म्हणालो, छे, मीच मागितलंय. म्हणाला, "मला एक सांगा. दोन वर्षांपूर्वी बैठकीत मी काहीतरी बोललो होतो का हो? वहिनी म्हणाल्या, विचारा म्हणून." बघितलं हिच्याकडे. ही फळं कापत होती.

मी म्हणालो, आठवत नाही.

सूड इतक्या लांबवर हाकत आणला आणि ज्याच्यासाठी आणला त्याला ते वाक्यही आठवत नाही. तो गेल्यावर फळं खाल्ली. गोड होती. तेही लक्षात ठेवलं आहे.

१६ जून

शाळा सुरू. आज हेडफोनच्या वर्गात पहिला तास, मागचा बाक. बाक मुलांच्या मापाचा, गुडघे कुठे ठेवावेत कळेना. शेजारच्या मुलीने स्वतःचं दप्तर खाली ठेवून मला जागा करून दिली आणि विचारलं, "सर, तुम्ही नापास झालात का?"

म्हणालो, पहिला आलो. तिला ते पटलं नाही.

हेडफोन भरती-ओहोटी शिकवत होता. मनात ठरवलं होतं की याची एकेक चूक टिपायची. अशुद्ध उच्चार, फळ्यावरचं वाकडं अक्षर. सुरुवात बरी झाली. समुद्र त्याने तिरका काढला.

मग त्याने प्रश्न विचारला. चंद्र एवढ्या लांबून समुद्राचं पाणी ओढतो, मग बादलीतलं का ओढत नाही?

आणि गप्प उभा राहिला. खिडकीशी गेला, काच पुसल्यासारखं केलं. कोणी बोलेना. वर्गात अशी शांतता मी रोज अनुभवतो, पण ही वेगळी होती. सगळे त्या बादलीत डोकावत होते.

मला उत्तर येत होतं. अख्ख्या वर्गात बहुधा मला एकट्यालाच. त्याने वळून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की माझा हात वर आहे.

त्याने माझा हात पाहिला. नक्की पाहिला. हसलासुद्धा. आणि दुसऱ्या रांगेतल्या मुलाला विचारलं. त्याचं चुकलं. पुन्हा थांबला. माझा हात वरच. खिडकीजवळच्या मुलीला विचारलं. तिचं निम्मं बरोबर. "अजून कोण?" म्हणाला. मी बाकावरून अर्धा उठलो होतो. शेजारची मुलगी माझी बाही ओढून कुजबुजली, "सर, असं ताटकळत नका राहू. ज्यांना येतं त्यांना ते शेवटी विचारतात."

शेवट आलाच नाही. घंटा झाली. म्हणाला, उद्या पुन्हा विचारतो, विचार करून या.

खांदा दुखतो आहे. हिने मलम लावलं आणि कशाने दुखला ते विचारलं. सांगितलं नाही. उत्तर मात्र तिला सांगितलं, पूर्ण, उदाहरणासकट. ऐकता ऐकता झोपली.

उद्या लवकर जाऊन पुढच्या बाकावर जागा धरणार. तिथून हात नीट दिसतो.